काही कामाची नाही

तोआ पायो या वस्तीच्या बाजारात माशाचे गोळे वळणाऱ्या गेक एंगला कुणी म्हणालं, "आज गोळे काय सुरेख झालेत हो," की ती तोंड वाकडं करून सांगायची, "छे! मीठ कमी पडलंय. मासाच धड नव्हता." मीठ बरोबर असायचं. मासा तिने स्वतः उजाडायच्या आत डोळे बघून, कल्ले उचलून निवडलेला असायचा. सदतीस वर्षं तो लगदा भांड्यात आपटून आपटून तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता आणि आख्ख्या बाजारात तिच्या हाताची चव कुणाला नव्हती. पण आपलं म्हणून जे आहे त्याला चारचौघांत चांगलं म्हणायचं नाही, ही शिकवण तिला आईच्या दुधाबरोबर मिळाली होती. चांगलं म्हटलं की कुणीतरी ऐकतं, आणि ऐकणारं प्रत्येक वेळी माणूसच असतं असं नाही.

तिच्या ओळखीच्या, तिच्याच चिनी जमातीच्या सगळ्या तेओचिऊ बायका अशाच. दोघी जिन्यात भेटल्या की आपापल्या पोरांना नावं ठेवायची चढाओढ लागायची. जिचा मुलगा डॉक्टर झाला ती म्हणायची, "अक्षर बघा मेल्याचं, कोंबडीने पाय ओढल्यासारखं." ऐकणारीला सगळं बरोबर कळायचं. ती म्हणायची, "काहीतरीच बोलता! असा मुलगा मिळायला नशीब लागतं." मग डॉक्टरची आई आणखी दोन शिव्या हासडून तृप्त मनाने घरी जायची. यात खोटेपणा कुणालाच वाटत नसे. पाहुण्याला चहा द्यावा तसं ते होतं.

गेक एंगला एकच मुलगी, ली हून. ती पाळण्यात होती तेव्हा शेजारीण म्हणाली, "काय गोड आहे," तर आई म्हणाली, "कुठली गोड, माकड आहे नुसतं." पाचवीत ती वर्गात पहिली आली. बाई घरी येऊन कौतुक करायला लागल्या. गेक एंग म्हणाली, "काही कामाची नाही हो ती. बाकीची पोरं आजारी पडली असतील." ली हून तिथेच उभी होती. बाई हसल्या, आई हसली, आणि ली हूनही हसली, कारण हसायचं असतं एवढं तिला तोवर समजलं होतं. आता ती एकतीस वर्षांची होती आणि "काही कामाची नाही" हे जवळजवळ तिचं दुसरं नाव झालं होतं.

वर्षातून एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर 'हजार हात' लागायचं. त्याच नावाच्या संस्थेसाठी, पक्षाघात झालेल्या माणसांसाठी पैसे गोळा करायचा तो कार्यक्रम. नटनट्या यायच्या, कुणी क्रेनला उलटं टांगून घ्यायचं, कुणी बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून ओठ निळे करून घ्यायचं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वर चढत जायचा. आपण फक्त फोन लावायचा, की दहा डॉलर दान व्हायचे. वर सोडतीत मोटारही होती.

त्या संध्याकाळी शेजारची रोकिया डब्यात ओंदे-ओंदे, गूळ भरलेले गोड गोळे, घेऊन यायची. रोकिया मलय, कार्यक्रम चिनी भाषेत. तिला निम्मंही कळायचं नाही. "रडायला भाषा कशाला लागते?" असं म्हणून ती पाय वर घेऊन बसायची. गेक एंगचा नवरा बून कियात टॅक्सी चालवायचा. तो पेपरामागून टोमणे मारायचा.

"त्या पोराला उलटं टांगलं म्हणून कुणाचा लुळा हात हलणार आहे का? आणि लोक फोन करतात ते दया येते म्हणून, की गाडी लागेल म्हणून?"

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या खिशातून कुठे जातंय?"

"माझ्याच खिशातून जातंय!"

पण गेक एंग चहा टाकायला आत गेली की फोनची बटणं दाबल्याचा आवाज तिला ऐकू यायचा, आणि ती बाहेर आली की पेपर पुन्हा तोंडासमोर असायचा. असा तो माणूस होता.

गेक एंगला खरा रस होता तो मधल्या छोट्या फिल्म्समध्ये. एखादा नट एखाद्या गरिबाच्या घरी जातो, फरशी पुसतो, म्हाताऱ्याला भरवतो, आणि मग म्हातारी बोलते. गेक एंग रुमाल घेऊन तयार बसायची. ली हून मात्र फिल्म सुरू झाली की उठायची.

"मला नाही बघवत. ती म्हातारी रडेपर्यंत कॅमेरा हलत नाही तिथून. आणि कुणाचा संडास दाखवायची काय गरज?"

"तुझं काळीज दगडाचं आहे."

"असेल." आणि ती आत जाऊन दार लोटून घ्यायची. दुसऱ्या दिवशी फोन मात्र तीही लावायची, कार्यक्रम संपल्यावर, जेव्हा गाडीची सोडत होऊन गेलेली असायची.

एका वर्षी बेडोक भागातल्या एका म्हातारीची फिल्म होती. नटीने विचारलं, "मुलगा येतो का?" म्हातारी म्हणाली, "त्याचं काय! त्याला कुठे वेळ आईसाठी!" लगेच व्हायोलिन. गेक एंग हुंदके देऊन रडली, तीनदा फोन लावला, आणि वर म्हणाली, "असल्या पोरावर वीज पडली पाहिजे." बाजारात महिनाभर तिने येणाऱ्याजाणाऱ्याला त्या बेडोकच्या पोराची गोष्ट सांगितली, आणि दर वेळी त्याच्या पदरी एखादं पाप वाढतच गेलं.

चार वर्षांपूर्वी बून कियात टॅक्सी धुता धुता खाली बसला आणि त्याला उठता आलं नाही. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. "हो," "नको" आणि एक जुनी टॅक्सीवाल्यांची शिवी, एवढंच उरलं. शिवाय हसू आणि रडू यांची अदलाबदल झाली. दुःखाच्या गोष्टीला तो खदखदून हसायचा आणि शेजारणीने केळी आणून दिली तर डोळे गाळायचा. हसू आलं की त्याला स्वतःलाच लाज वाटायची.

'हजार हात'ची गाडी आठवड्यातून तीनदा त्याला न्यायला यायची. तिथे त्याचे हातपाय हलवून घ्यायचे, आंघोळ घालायचे, घरी सोडायचे. बाकीचं सगळं ली हून बघायची. सकाळी सहाला बापाला उठवून, धुऊन, कपडे घालून ती दाताच्या दवाखान्यात जायची. तिथे दिवसभर टेबलाशी बसून नावं लिहून घ्यायची. तिथून परस्पर सुपरमार्केटमध्ये, रात्रीपर्यंत गल्ल्यावर. रविवारीसुद्धा. तिच्या मैत्रिणींची लग्नं होऊन पोरं शाळेत जायला लागली होती. ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि आईने कधी विचारलं नाही.

मग यंदा वर्षाच्या सुरुवातीला संस्थेच्या गाडीबरोबर मिस यो नावाची एक चुणचुणीत बाई आली. "आंटी, पाचच मिनिटांची फिल्म. तुमच्या घरी हाओ रान येईल."

हाओ रान! ज्याची मालिका गेक एंग भात करपला तरी सोडत नसे, तो.

ली हूनने रात्री ऐकलं आणि चमचा खाली ठेवला. "मा, नाही म्हण."

"कोणत्या तोंडाने नाही म्हणू? ती माणसं तुझ्या बापाला आंघोळ घालतात. त्यांचं खायचं आणि त्यांच्याच कामाला नाही म्हणायचं?"

"मग फोनवरून पैसे मागायला आपलंच घर कशाला दाखवायचं? दुसऱ्यांची बघायचीस ती कमी होती का?"

"दुसऱ्यांनी दाखवली म्हणूनच तुझ्या बापाला गाडी आली ना?"

ली हून ताट उचलून उठली. "मग मी त्या दिवशी घरी थांबणार नाही."

"बरंच होईल. तुझा चेहरा बघून नट पळून जायचा."

हाओ रान येणार म्हणून गेक एंगने जे केलं ते तोआ पायोतल्या कोणत्याही बाईने केलं असतं. घरी एवढा मोठा पाहुणा येतोय! तिने पडदे धुतले, स्वयंपाकघराच्या भिंती घासल्या, बून कियातला इस्त्रीचा शर्ट घातला. बसायला काय द्यायचं म्हणून रोकियाच्या घरातल्या दोन वेताच्या खुर्च्या आणि फुलाफुलांची सतरंजी आणली. आदल्या दिवशी बदक मसाल्यात शिजत ठेवलं, ताजा मासा वाफवला, आणि केस सेट करून आणले.

मिस यो दारात आली आणि तिचा चेहरा पडला.

"आंटी... हे एवढं कशाला केलंत?"

"काहीच नाही केलं हो. घर किती घाण आहे, बघू नका तुम्ही."

मिस योने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या माणसांना खूण केली. "कॅमेऱ्यात गर्दी होते," असं म्हणत त्यांनी खुर्च्या बाहेर व्हरांड्यात नेल्या. मग सतरंजी. मग फ्रिजवरची प्लास्टिकची फुलदाणी. गेक एंगला जुना, घरातला ब्लाउज घालायला सांगितलं. रोकिया व्हरांड्यात आपल्याच खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. "एंग," ती आत वाकून म्हणाली, "शूटिंग आहे की घर बदलताय?"

हाओ रान मात्र मुलगा म्हणून चांगला होता, हे गेक एंग आजही सांगते. कॅमेरा लागायच्या आधी त्याने बदक दोनदा वाढून घेतलं. मग त्याने बून कियातला पेज भरवली. पहिल्यांदा उजेड कमी पडला, दुसऱ्यांदा बाहेर कुत्रं भुंकलं, तिसऱ्यांदा बून कियात हसला. चौथ्यांदा त्याचं पोट भरलं होतं आणि तो "नको, नको" म्हणत रडायला लागला. मिस यो कॅमेरावाल्याला हळूच म्हणाली, "हे घेतलं ना?"

शेवटी गेक एंगला पलंगाच्या कडेवर बसवलं. मागे भिंतीवर ली हूनचा पदवीच्या झग्यातला फोटो. हाओ रानने तो पाहिला आणि म्हणाला, "आंटी, तुमची मुलगी फार गुणी असणार. बाबांचं सगळं तीच करत असेल."

परक्या माणसाने, तेही पाहुण्याने, लेकीची स्तुती केली. गेक एंगच्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडलं. विचार करायची वेळच आली नाही.

"कुठली गुणी! काही कामाची नाही ती. घरी म्हणून कधी नसते. ऐकत नाही मुळी माझं. दोन-दोन नोकऱ्या करते, सगळा पगार बापावर उडवते, स्वतःला चार वर्षांत नवा कपडा घेतला नाही. सकाळी सहाला बापाचं करून जाते ती रात्रीच उगवते. अशा मुलीचं काय करायचं, तुम्हीच सांगा!"

हाओ रान मोठ्याने हसला. "माझी आमा माझ्याबद्दल अगदी असंच म्हणते," तो म्हणाला. त्याची ती आजीही तेओचिऊच होती. गेक एंगला तो फारच आवडला. जाताना तिने त्याला माशाचे गोळे बांधून दिले, "चांगले नाहीत, पण न्या," असं म्हणून.

कार्यक्रमाच्या रविवारी ती बाजारातून लवकर आली. नवीन ब्लाउज घातला, बून कियातची खुर्ची टीव्हीसमोर ओढली. रोकिया डबा घेऊन आली. ली हून कामावर होती. "आमच्या दुकानात पण टीव्ही लावलेत," ती जाताना एवढंच म्हणाली होती. आठाच्या सुमाराला फिल्म लागली.

पहिल्यांदा रिकामी खोली दिसली. गेक एंगला क्षणभर वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं घर आहे. मग पलंग ओळखू आला. एक पुरुषी आवाज सांगत होता, या घरात पाहुण्याला बसायला खुर्चीसुद्धा नाही.

"माझ्या खुर्च्या!" रोकिया म्हणाली. तिला 'खुर्ची' एवढं कळलं होतं.

मग बून कियात रडताना. पेज हनुवटीवरून ओघळताना. खुर्चीतला बून कियात स्वतःला बघून खदखदून हसायला लागला, आणि गेक एंगने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग भिंतीवरचा फोटो. कॅमेरा त्यावर सरकत सरकत इतका जवळ गेला की ली हूनच्या गालावरचा तीळ दिसला. आणि मग ती स्वतः, जुन्या ब्लाउजमध्ये, पलंगाच्या कडेवर.

"काही कामाची नाही ती. घरी म्हणून कधी नसते."

खाली चिनी अक्षरं. व्हायोलिन. तिचा चेहरा तसाच पडद्यावर थिजलेला, तोंड अर्धवट उघडं, पुढचं वाक्य बोलायला उघडलेलं. पुढचं वाक्य आलं नाही.

फिल्म संपली. स्टेजवरची निवेदिका डोळे पुसत होती. "घरी बघत असलेल्या सगळ्या मुलामुलींना सांगते, आईबाप आहेत तोवर घरी जा." तिच्या शेजारी हाओ रान उभा होता आणि तोही डोळे पुसत होता. तोच, जो त्या दिवशी खदखदून हसला होता. त्याला तर कळलं होतं! गेक एंगने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं की त्याला कळलंय.

"मी असं नव्हते म्हणाले," ती म्हणाली. कुणाला, ते तिला माहीत नव्हतं. "रोकिया, मी असं नव्हते म्हणाले."

रोकियाला काय झालं तेच समजत नव्हतं. गेक एंगने तिला मलयमध्ये तोडकंमोडकं सांगितलं तेव्हा तिने डबा खाली ठेवला. "या अल्ला. आणि पोरीचा फोटो दाखवला?"

गेक एंगने फोन ओढला. पडद्यावर खाली नंबर धावत होता, तिला तो दरवर्षीच्या सवयीने पाठ होता. तिने बटणं दाबली. कुणीतरी उचललं.

"हॅलो? ऐका, मी ती बाई आहे, आत्ता दाखवली ना, तीच. ते चुकीचं आहे. पुढचं तुम्ही दाखवलंच नाही. माझी मुलगी..."

"आपल्या दहा डॉलरच्या देणगीबद्दल मनःपूर्वक आभार," एक गोड आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

तिने पुन्हा लावला. या वेळी ती ओरडलीच. "हाओ रानला बोलवा! त्याला विचारा! तो हसला होता!" गोड आवाजाने पुन्हा आभार मानले. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही, कुणीतरी खरं माणूस बोलेल म्हणून श्वास रोखून थांबली, आणि आवाजाने तितक्याच प्रेमाने तिचे आभार मानले. कोपऱ्यातला आकडा भराभर वर चढत होता. निवेदिका सांगत होती की या एका फिल्मनंतर आलेल्या फोनने आजवरचा विक्रम मोडला.

"ठेव तो, एंग," रोकिया म्हणाली. "तूच वाढवतेयस तो आकडा."

गेक एंगने फोन ठेवला. आणि तिला बेडोकची म्हातारी आठवली. "त्याला कुठे वेळ आईसाठी!" म्हणताना ती म्हातारी हसली होती. अगदी थोडं, ओठांच्या कोपऱ्यात. गेक एंगने ते पाहिलं होतं. गेक एंग स्वतः तेओचिऊ बाई होती, असलं बोलणं ऐकतच तिचं आयुष्य गेलं होतं, जिन्यात कुणी हेच वाक्य बोललं असतं तर तिने क्षणात ओळखलं असतं की हा मुलगा रोज येत असणार. पण टीव्हीवर व्हायोलिन वाजलं आणि तिने विश्वास ठेवला. त्या पोरावर वीज पाडली. बाजारभर त्याची लक्तरं वेशीवर टांगली. त्याला आई होती आणि एक नाव होतं, आणि बहुतेक एक नोकरीही होती.

नऊ वाजायच्या आत दारात किल्ली वाजली. ली हून गल्ल्यावरच्या हिरव्या गणवेशातच होती.

"लवकर आलीस?"

"मॅनेजर म्हणाला, आज घरी जा." तिने बूट काढले आणि नीट ओळीने ठेवले. "एका माणसाने टोपली तिथेच ठेवली. म्हणाला, हिच्या हातून नको. मागच्या बाईने माझ्या नावाची पट्टी वाचली आणि फोनवर कुणाला तरी सांगितली."

"मी तसं नव्हते म्हणाले, हून."

"म्हणालीस की. आवाज तुझाच होता."

"पुढचं कापलं त्यांनी!"

"पुढचं काय होतं?"

गेक एंग सांगायला लागली. "हेच की ऐकत नाही, दोन-दोन नोकऱ्या करते, सगळा पगार बापावर उडवते, स्वतःला एक कपडा..." तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ती थांबली. तीही सगळी तक्रारच होती. तिच्याकडे लेकीबद्दल दुसरी भाषाच नव्हती.

"हं," ली हून म्हणाली. "रीत आहे, मा. कळतं मला." ती बापाकडे गेली, त्याची हनुवटी पुसली, टीव्ही बंद केला. बून कियात तिचा हात धरून हसत होता, हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांत काय होतं ते बघायची गेक एंगला हिंमत झाली नाही. रोकिया डबा तिथेच सोडून हळूच निघून गेली.

तेवढ्यात दार वाजलं. नवव्या मजल्यावरची एक बाई होती, लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती ओळख. हातात स्टीलचं भांडं, आत गरम सूप. "टीव्हीवर पाहिलं आणि राहवलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोलला नाहीत कधी. इतकी वर्षं एकाच इमारतीत, आणि आम्हाला पत्ता नाही." मग तिची नजर आत गेली, हिरव्या गणवेशावर, आणि तिथून चेहऱ्यावर. फोटोतला तीळ तिने बहुतेक ओळखला.

"म्हणजे ही ती," ती म्हणाली. "आज बरी आली घरी. टीव्हीवर नाव आल्यावर."

ली हून खाली मान घालून उभी राहिली. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हेही तिला याच घरात शिकवलेलं होतं.

गेक एंगच्या घशाशी ते वाक्य आलं. आयुष्यात ते तिने कधी उच्चारलं नव्हतं, लेक झोपेत असतानासुद्धा नाही. तिला खरोखर भीती वाटली. कुणीतरी ऐकेल, काहीतरी होईल, पोरीला दृष्ट लागेल. तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"माझी मुलगी चांगली आहे," ती म्हणाली. आवाज फाटला. "फार चांगली आहे. आम्ही दोघं जगतो ते तिच्या जिवावर. तिच्यासारखी पोर या इमारतीत नाही. कुठेच नाही."

नवव्या मजल्यावरची बाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. तिने गेक एंगचा हात हातात घेतला आणि थोपटला.

"आईचं काळीज," ती म्हणाली. "एवढं होऊनही लेकीला झाकताय. समजतं मला, आंटी. समजतं." आणि ली हूनकडे एकदा जळजळीत पाहून ती भांडं ठेवून निघून गेली.

गेक एंग दारातच उभी राहिली. नम्रतेने बोलली ते सगळ्या देशाने खरं मानलं होतं, आणि आता जन्मात पहिल्यांदा खरं बोलली तर एका शेजारणीलाही ते पटलं नव्हतं.

व्हरांड्यात लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

"मा," मागून ली हून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पाचवीतल्या पोरीसारखा. "ते खरं होतं?"

"काय?"

"आत्ता तिला जे म्हणालीस ते. का मला झाकायला म्हणालीस?"

गेक एंग वळली. तिला वाटलं होतं, आज यापेक्षा मोठा धक्का बसणार नाही. बाजारातल्या बायकांना कळायचं, हाओ रानला कळलं होतं, पेज भरवणाऱ्या परक्या पोराला एका वाक्यात कळलं होतं. आणि जिच्यासाठी ते सगळं होतं ती एकतीस वर्षं याच घरात राहून विचारत होती, आणि थट्टेने विचारत नव्हती.

"खरं आहे," गेक एंग म्हणाली.

ली हून नुसती बघत होती, उत्तर पारखून घेतल्यासारखी.

"खरं आहे, हून. तू चांगली आहेस," गेक एंगने पुन्हा सांगितलं. लेकीचा चेहरा अजून तसाच होता, म्हणून तिने दार लावलं, जवळ गेली आणि तिसऱ्यांदा सांगितलं.